पॉलिशच्या कोपऱ्यातील घट: एका लहान दागिने-कार्यशाळेचे प्रकरण

हाताने दागिने घडवणाऱ्या एका लहान कार्यशाळेत तीन महिन्यांत ३५ ग्रॅम सोन्याचा हिशेब लागेना आणि त्यावरून एका जुन्या कारागिरावर संशय घेतला गेला. पुढे असे दिसून आले की त्यातले बहुतेक सोने केराच्या डब्यातून, टाकून दिलेल्या बफांतून, म्हणजे पॉलिशच्या कापडी चाकांतून, आणि हात धुण्याच्या पाण्यातून बाहेर गेले होते. धातूच्या हिशेबाची मांडणी तपासण्यासाठी मला तिथे बोलावण्यात आले होते. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. कोणता निर्णय कोणत्या वेळी आणि किती माहितीच्या आधारावर घेतला गेला, हे दाखवणे हा या नोंदीचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

कार्यशाळेत पाच माणसे होती: स्वतः घडणावळ करणारी मालकीण, बाकावर बसणारे दोन कारागीर, पॉलिशचे काम पाहणारा एक वयस्क कारागीर आणि झाडलोट व इतर वरकामासाठी एक मदतनीस. काम दोन धातूंत चाले. एक १८ कॅरटचे पिवळे सोने, म्हणजे ज्यात शुद्ध सोने ७५ टक्के असते. आणि दुसरी ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी, जिच्यात उरलेला भाग बहुतांशी तांब्याचा असतो.

हिशेबाची पद्धत सरळ होती. कारागिराला धातू तोलून दिला जाई, तयार दागिना तोलून घेतला जाई, आणि तारेचे व पत्र्याचे उरलेले तुकडे वेगळे तोलून परत जमा होत. प्रत्येक बाकाखाली चामड्याची झोळी बांधलेली होती. कानशीचा कीस तिच्यात पडे आणि आठवड्याच्या शेवटी गोळा होई. एवढी व्यवस्था असल्यामुळे घट आपल्या ताब्यात आहे असा मालकिणीचा विश्वास होता, आणि बाकापुरता तो खराही होता.

पॉलिशचा कोपरा मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिला होता. तिथे दोन चाकांची मोटर आणि तिच्यामागे धूळ ओढून घेणारे यंत्र होते. दागिना आधी पॉलिश पेपरने घासला जाई, मग मलमलीच्या बफवर तपकिरी ट्रिपोलीने, म्हणजे घासणाऱ्या भुकटीच्या मेणचट वडीने, चरे घालवले जात, मग ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या अल्ट्रासोनिक टाकीत धुऊन, वेगळ्या मऊ बफवर लाल रूजने, म्हणजे त्याहून बारीक पॉलिशने, अखेरची चकाकी आणली जाई. धूळ ओढणाऱ्या यंत्राची पिशवी भरली की मदतनीस ती केरात रिकामी करी. झिजलेले बफ, वापरलेले पेपर आणि टाकीतले काळे पाणी यांचीही तीच गत होती. हे कोणी ठरवून केले नव्हते. जो कचरा काळा आणि मेणचट दिसतो त्यात सोने असेल असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

अडचण

बरीच वर्षे कार्यशाळेची घट तयार दागिन्यांच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत राहत असे आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नसे. मग कामाचे स्वरूप बदलले. नाजूक तारकामाऐवजी रुंद, सपाट आणि आरशासारखी चकाकी असलेल्या दागिन्यांची मागणी वाढली. या बदलानंतरच्या पहिल्या पूर्ण तिमाहीचा सोन्याचा हिशेब असा निघाला: दिलेला धातू १,२४० ग्रॅम, तयार दागिने ८४६ ग्रॅम, परत आलेले तुकडे ३३१ ग्रॅम, झोळीतला कीस ३४ ग्रॅम. जमा बाजू १,२११ ग्रॅम झाली आणि २९ ग्रॅम कमी पडले.

नोंदवही पुन्हा तपासताना आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिने चित्र अधिकच बिघडवले. झाळ, म्हणजे सोल्डर, बाकावर डबीतून सुटी दिली जात होती आणि तिची नोंद होत नव्हती. त्या तिमाहीत सहा ग्रॅम झाळ वापरली गेली होती. ती तयार दागिन्याच्या वजनात बसली होती, पण दिलेल्या धातूत धरलेली नव्हती. म्हणजे घट प्रत्यक्षात ३५ ग्रॅम होती, तयार वजनाच्या सुमारे ४.१ टक्के, आणि नोंदवही ती कमी करून दाखवत होती. झाळेची नोंद न ठेवणाऱ्या कार्यशाळा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यांना आपली घट खऱ्यापेक्षा नेहमीच लहान दिसते.

पहिला निर्णय: संशय

मालकिणीने येथे जे केले ते मी सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणातली भरून न निघालेली हानी याच ठिकाणी झाली. तिचा तर्क असा होता की बाकावरचा धातू दोन्ही वेळा तोलला जातो, म्हणून गळती असेल तर ती न तोललेल्या कोपऱ्यात असणार. इथवर तर्क बरोबर होता. पण त्या कोपऱ्यात एकच माणूस काम करत होता आणि मागणी वाढल्यापासून तो उशिरापर्यंत थांबत होता, एवढ्यावरून तिने कोपऱ्यातली गळती आणि त्या कोपऱ्यातला माणूस यांची सांगड घातली. एका संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "काका, उद्यापासून जाताना पिशवी दाखवून जात जा." त्याने पिशवी तिथेच उलटी केली आणि मग एप्रन काढून तिच्यापुढे ठेवला. "ताई, सोनं हवं असेल तर हा एप्रन जाळा आणि राख तोला. माझ्या अंगावर जे काही आहे ते यातच आहे."

ते रागाने बोललेले वाक्य होते, पण धंद्याच्या दृष्टीने अक्षरशः खरे होते. बफवरून उडणारी धूळ कपड्यात, केसांत आणि नखांत बसते. मालकिणीने तेव्हा ते वाक्य अपमान म्हणूनच ऐकले. पिशवी पाहणे तीन दिवस चालले आणि नंतर तिलाच अवघड वाटू लागल्याने थांबले, पण दोघांचे बोलणे कामापुरते उरले. मला बोलावले गेले ते त्यानंतर.

टप्प्याटप्प्याचे वजन

मी सुचवलेली पहिली गोष्ट एवढीच होती की एका खेपेचे प्रत्येक टप्प्यावर वजन करावे, आणि ते सर्वांसमोर करावे. आठ मिलिमीटर रुंदीच्या वीस साध्या अंगठ्या निवडल्या. झाळून तयार झाल्यावर त्यांचे वजन १६४.० ग्रॅम होते. कानस मारल्यावर ते १५७.२ झाले, पेपरनंतर १५५.१, ट्रिपोलीनंतर १५१.९ आणि रूजनंतर १५१.४. बफनंतरचे प्रत्येक वजन अल्ट्रासोनिक धुलाई करून, पूर्ण वाळवून मगच घेतले, कारण दागिन्यावर राहिलेले मेण आणि पाणी ही घट लपवतात.

कानशीने सर्वांत जास्त, म्हणजे ६.८ ग्रॅम धातू काढला होता, पण त्यातला ६.४ ग्रॅम झोळीत परत मिळाला. उरलेल्या टप्प्यांतला ५.८ ग्रॅम कोणत्याही भांड्यात जमा होत नव्हता. एकूण न मिळालेली घट ६.२ ग्रॅम झाली, तयार वजनाच्या ४.१ टक्के. चार जणांच्या डोळ्यांदेखत, वजनकाट्यासमोर झालेल्या कामातही घट तिमाहीच्या आकड्याएवढीच निघाली. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही.

या एका चाचणीवरून लगेच निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हते, आणि मालकिणीने घेतलेला आक्षेप रास्त होता: सगळे दागिने रुंद अंगठ्यांसारखे नसतात. म्हणून तारकामाची एक खेप तशीच तोलली आणि तिची न मिळालेली घट २.६ टक्के निघाली. त्या तिमाहीत वजनाने सुमारे तीन चतुर्थांश माल रुंद पृष्ठभागाचा होता. त्या प्रमाणात हिशेब केला तर ८४६ ग्रॅम मालावर साडेएकतीस ग्रॅम घट अपेक्षित होती. नोंदीत ३५ होती. उरलेल्या साडेतीन ग्रॅमचे काय झाले हे आम्हाला सांगता आले नाही. दररोज अनेकदा होणाऱ्या तोलण्यातल्या लहान चुका जमल्या तर एवढा फरक पडू शकतो. तो कोणाच्या माथी मारता येईल असा पुरावा मुळीच नव्हता.

घट वाढली का

याचे उत्तर पॉलिश करणाऱ्या कारागिराकडे आधीपासून होते. मागणी वाढल्यावर वेळ वाचावा म्हणून बाकावरच्या कारागिरांनी मधले पेपर सोडून दिले होते. जाड कानस, त्यावर २२० नंबरचा जाडसर पेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) आणि थेट बफ असा क्रम सुरू झाला होता. "कानशीचे चरे माझ्या चाकावर येतात," असे त्याने पूर्वी दोनदा सांगितले होते, आणि ती कामाच्या ओझ्याची तक्रार समजली गेली होती.

ओरखडा काढता येतो तो भरून नव्हे. त्याच्या भोवतीचा सगळा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली उतरवावा लागतो. म्हणून पॉलिशमध्ये किती धातू जाणार हे पॉलिश करणारा ठरवत नाही, त्याच्या आधीच्या हत्याराने पाडलेला सर्वांत खोल चरा ठरवतो. आमच्या अंगठीचा बाहेरचा परीघ सुमारे ६० मिलिमीटर होता, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग सुमारे ४८० चौरस मिलिमीटर. तो फक्त ०.०२ मिलिमीटरने उतरवला तर ९.६ घन मिलिमीटर धातू जातो. १८ कॅरटच्या पिवळ्या सोन्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १५.५ ग्रॅम धरली तर हे एका अंगठीमागे ०.१५ ग्रॅम आणि वीस अंगठ्यांमागे तीन ग्रॅम होतात. ट्रिपोलीच्या टप्प्यावर आमच्या मोजणीत ३.२ ग्रॅम घट निघाली होती. मानवी केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा हा थर होता. डोळ्याला तो दिसत नाही आणि हाताला जाणवत नाही, आणि पृष्ठभाग जितका रुंद तितके त्याचे वजन वाढत जाते. तारकामाच्या काळात हीच सवय खपून गेली असती.

चांदीच्या बाबतीत आणखी एक कारण होते. ही चांदी वारंवार तापवली की हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाखाली शिरून तिथल्या तांब्याचे ऑक्साइड करतो आणि पॉलिश करताना जांभळट करडे डाग वर येतात. ते जाईपर्यंत घासत राहणे हा धातू घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. तापवण्याआधी बोरिक आम्लाचा लेप देणे आणि तापवण्याच्या खेपा कमी करणे हा त्यावरचा साधा उपाय होता, आणि तो लगेच सुरू झाला.

विचारात घेतलेले पर्याय

येथून पुढे प्रश्न दोन होते: घट कमी कशी करायची, आणि जी होणारच तिच्यातला धातू परत कसा मिळवायचा. मालकिणीचा ओढा साहजिकच दुसऱ्या प्रश्नाकडे होता, कारण त्यात हातात काहीतरी येताना दिसते.

पहिला पर्याय म्हणजे केर आणि धूळ जशीच्या तशी वजनावर विकून टाकणे. यात त्रास नाही, पण आपल्या धुळीत किती सोने आहे हे विकणाऱ्याला माहीत नसते आणि घेणाऱ्याला अंदाज असतो. ज्या कार्यशाळेची मूळ अडचणच अज्ञान ही होती, तिने पुन्हा न मोजता विकणे मला पटले नाही.

दुसरा पर्याय घरच्या घरी शुद्धीकरण करण्याचा होता. मालकिणीने माझ्या सल्ल्याची वाट न पाहता यातला एक प्रयोग केला. धुळीची पिशवी टाकणे बंद झाल्यावर महिन्याभरात जमलेली धूळ तिने टाकणखार आणि धुण्याचा सोडा घालून मुशीत वितळवली. मेण आणि कापसाच्या तंतूंचा दाट धूर खोलीभर झाला, मुशीत काळी काचेसारखी मळी तयार झाली आणि तळाशी २.७ ग्रॅमची एक निस्तेज गोळी मिळाली, जी हातोडीच्या पहिल्याच घावाला तडकली. मळी फोडून भिंगाखाली पाहिली तेव्हा तिच्यात सोन्याचे बारीक मणी अडकलेले दिसले. हे अपेक्षितच होते. पॉलिशच्या धुळीत धातू थोडा आणि मेण, कापूस, ट्रिपोलीतली सिलिका, रूजमधले लोहाचे ऑक्साइड फार असते. आधी ती पूर्ण जाळून राख करावी लागते, आणि त्यानंतरही घट्ट मळीतून धातूचे कण खाली उतरायला पुरेसे तापमान, पुरेसा द्रावक (मळी पातळ करणारा टाकणखारासारखा पदार्थ) आणि वेळ लागतो. गोळीचा ठिसूळपणाही समजण्यासारखा होता, कारण झाळेतले जस्त आणि कानशीचे लोखंड तिच्यात आले होते.

आम्लाने सोने विरघळवून घेण्याची कल्पनाही पुढे आली. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल यांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोने विरघळते, आणि ही माहिती सहज मिळत असल्यामुळे ती सोपी वाटते. या ठिकाणी मी स्पष्ट विरोध केला. या कामात निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस तपकिरी वायू हुंगल्यावर माणसाला काही तास बरे वाटू शकते आणि मग फुप्फुसांत पाणी भरू शकते. त्या खोलीत वायू ओढणारी बंदिस्त कपाटे नव्हती, आणि तांब्याचे आम्लयुक्त पाणी टाकायला मोरीखेरीज जागा नव्हती. आणखी एक धोका तिथे शेल्फवरच होता: अल्ट्रासोनिक टाकीत घालायचे द्रावण अमोनियाचे होते. सोन्याच्या किंवा चांदीच्या द्रावणात अमोनिया मिसळला गेला तर तयार होणारी संयुगे वाळल्यावर नुसत्या धक्क्याने स्फोट पावतात. लहान खोलीत, एकाच टेबलावर, सारख्याच दिसणाऱ्या बाटल्यांमध्ये ही चूक व्हायला वेळ लागत नाही.

तिसरा पर्याय होता शुद्धीकरण करणाऱ्या कारखान्याकडे माल साठवून पाठवणे आणि कसाच्या, म्हणजे मालात शुद्ध सोने किती आहे हे मोजणाऱ्या चाचणीच्या, निकालावर हिशेब घेणे. तिथे सगळा कचरा जाळून त्याची राख दळतात व चाळतात, नमुना काढतात आणि त्याचा अग्निकस करतात. नमुन्यातले सोने-चांदी वितळलेल्या शिशात गोळा होते, ते शिसे सच्छिद्र कुपीत ऑक्साइड होऊन शोषले जाते आणि मौल्यवान धातूचा मणी उरतो. मग नायट्रिक आम्लाने त्यातली चांदी वेगळी करतात. पद्धत प्राचीन आहे आणि अजूनही सोन्याच्या कसाचा आधार तीच मानली जाते. मोठ्या प्रमाणावरच्या शुद्धीकरणासाठी १८६७ मध्ये मिलरने पेटंट घेतलेली क्लोरिनची पद्धत आणि १८७४ मध्ये वोलविलने काढलेली विद्युत पद्धत आजही वापरात आहेत, आणि दोन्ही लहान बाकावर करण्यासारख्या नाहीत.

चौथा पर्याय होता मुळात कमी घासण्याचा.

घेतलेला निर्णय आणि अंमलबजावणी

चौथा आणि तिसरा पर्याय मिळून घेतले, आणि क्रमही तोच ठेवला. बाकावर २२०, ४००, ६०० आणि १२०० नंबरचे पेपर पुन्हा सक्तीचे झाले, आणि प्रत्येक पेपर आधीच्या चऱ्यांना आडवा मारायचा असे ठरले, म्हणजे जुना चरा गेला की नाही हे दिसते. तशाच वीस अंगठ्यांची दुसरी खेप तोलली. पेपरवर २.४ ग्रॅम गेले, पूर्वीपेक्षा थोडे जास्त. पण ट्रिपोलीवर ३.२ ऐवजी १.३ आणि रूजवर ०.४ ग्रॅम. बेरीज ५.८ वरून ४.१ वर आली. या बचतीइतकीच मोलाची गोष्ट ही होती की घट बफवरून पेपरवर सरकली. बफची धूळ वेगाने उडते आणि अर्धी खोली व्यापते. पेपरचा चूर मात्र ताटात पडतो आणि वापरलेला पेपर स्वतःच जपून ठेवता येतो. पेपरवर वेळ जास्त लागू लागला, बफवर कमी. एकूण वेळ थोडा वाढला आणि दोघा कारागिरांनी सुरुवातीला त्याविरुद्ध कुरकुर केली.

तारकामासाठी टम्बलर आणला. त्यात पोलादी गोळ्या आणि साबणाचे पाणी दागिन्यांसोबत फिरते आणि पृष्ठभाग दाबला जाऊन चकाकतो. धातू खरवडला जात नसल्यामुळे घट जवळजवळ होत नाही. रुंद सपाट पृष्ठभागावर मात्र तो आरशासारखी चकाकी देत नाही, बारीक लहरी उमटतात आणि कडा बोथट होतात, हे दोन नमुने वाया घालवल्यावर सर्वांना मान्य झाले.

साठवणीसाठी प्रत्येक गोष्टीला स्वतःची जागा मिळाली. स्वच्छ तुकडे वितळवून पुन्हा लगड ओतण्यासाठी कार्यशाळेतच राहिले, पण त्यांत तितकाच नवा धातू घालण्याचा नियम ठेवला. झाळ लागलेले तुकडे वेगळ्या डबीत गेले, कारण झाळेतले जस्त लगडीत शिरले की ओतकामात छिद्रे पडतात. शिशाबाबत तर सूट नव्हतीच, कारण त्याचा अंशही सोन्याला ठिसूळ करतो. झोळीतल्या किसावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवून करवतीच्या पात्यांचे आणि कानशीचे लोखंड काढले जाऊ लागले. धूळ, बफ, पेपर, चिंध्या, एप्रन आणि झाडलेला केर झाकणाच्या पिंपात गेला. हात धुण्याच्या मोरीखाली तीन कप्प्यांची गाळ बसवणारी टाकी आली, आणि अल्ट्रासोनिकचे पाणीही निवळवून मगच सोडले जाऊ लागले.

याच वेळी पॉलिश करणाऱ्याला बारीक धुळीसाठीचा योग्य मास्क मिळाला. तो आधीच मिळायला हवा होता. ट्रिपोलीत सिलिका असते, आणि श्वासावाटे जाणारी स्फटिक सिलिका कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नोंदवले आहे. आम्ही सर्वजण धुळीतले सोने मोजण्यात गुंतलो होतो, तर तो माणूस कित्येक वर्षे तीच धूळ छातीत घेत होता. यंत्राची गाळणी किती जुनी आहे हे विचारल्यावर कोणालाच सांगता आले नाही.

परिणाम

पुढच्या सहा महिन्यांत १,६९० ग्रॅम तयार माल निघाला आणि झाळ धरून, टप्प्याटप्प्याने तोलून, न मिळालेली घट ३९ ग्रॅम भरली, म्हणजे २.३ टक्के. शुद्ध सोन्यात ती २९.२५ ग्रॅम होते. या वेळी ती पिंपात आणि टाकीत होती.

पिंप पाठवताना दुसरा मोठा निर्णय घ्यावा लागला, आणि तो अर्धवट चुकला. करार करताना नमुन्याचे तीन सीलबंद भाग करायचे ठरले: एक कारखान्याचा, एक आमच्या बाजूने स्वतंत्र प्रयोगशाळेसाठी, आणि तिसरा वाद झाल्यास निर्णायक कसासाठी. हा आग्रह उपयोगी पडला. कारखान्याच्या कसाप्रमाणे मालात २१.१ ग्रॅम शुद्ध सोने होते, आमच्या प्रयोगशाळेप्रमाणे २३.०. फरक करारातल्या मर्यादेबाहेर असल्याने तिसरा नमुना तपासला गेला आणि २२.८ हा आकडा अंतिम ठरला. शोधल्यावर कळले की दळलेल्या राखेतले जाड धातूचे कण चाळून वेगळे न मोजताच नमुना काढला गेला होता. सोन्याचे कण राखेपेक्षा कितीतरी जड असल्यामुळे तळाशी बसतात, आणि वरवर घेतलेल्या नमुन्यात कमी येतात. अपेक्षित २९.२५ पैकी २२.८, म्हणजे सुमारे ७८ टक्के सोने परत आले. पहिल्या वेळेसाठी मी हे चांगले मानतो.

चूक झाली ती चांदीत. सोन्याची आणि चांदीची धूळ एकाच पिंपात गेली होती, कारण मोटर एकच होती. सोन्यासाठी पाठवलेल्या मालात चांदीचा मोबदला करारानुसार अगदीच कमी मिळाला. आता दोन धातूंसाठी आठवड्याचे वेगळे दिवस आहेत, मध्ये यंत्राची पिशवी बदलली जाते आणि बफही वेगळे आहेत.

वेगळे काय करता आले असते

वीस अंगठ्या तोलायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस संशयाच्या आधी आले असते, तर पिशवी दाखवण्याची वेळच आली नसती. मालकिणीने नंतर सर्वांसमोर त्या कारागिराची माफी मागितली, आणि तिने ती मनापासून मागितली हे मी पाहिले. तो पुढे चार महिने राहिला, मधले पेपर कसे मारायचे हे त्यानेच दोघांना शिकवले, आणि मग काम सोडले. कारण त्याने सांगितले नाही.

माझ्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. दोन धातू वेगळे ठेवण्याचा आग्रह मी पहिल्या दिवशी धरायला हवा होता. एवढ्या लहान कार्यशाळेला ते जड जाईल असे गृहीत धरून मी तो विषय पुढे ढकलला. शिवाय चऱ्याच्या खोलीचा प्रश्न मी वजनावरून शोधला, तो त्या कारागिराला विचारून एका तासात कळला असता. तोलणे तरीही आवश्यक होते, पण मग आपण काय शोधत आहोत हे माहीत असून तोलले असते.

नोंदवहीत आता झाळेचा एक रकाना आहे आणि प्रत्येक टप्प्याच्या वजनाचे रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात "न लागलेली घट" असे लिहिले आहे आणि त्यात कोणाचे नाव लिहायचे नाही असे ठरले आहे. त्या जुन्या तिमाहीचे साडेतीन ग्रॅम त्याच रकान्यात पहिल्या ओळीवर आहेत. तो कारागीर जाताना त्याचा जुना एप्रन खुंटीवरच राहिला होता. तो पुढच्या पिंपात गेला आणि बाकी कचऱ्याबरोबर जळाला, त्यामुळे त्याची राख वेगळी तोलली गेली नाही.